‘का?’ विचारणारी मुले आणि चित्रांचे पुस्तक

लहान मुलांविषयी आपल्या घरांत दोन गोष्टी एकाच दिवशी बोलल्या जातात. ‘काय चौकस पोर आहे हो!’ असे कौतुक पाहुण्यांसमोर होते. आणि पाहुणे गेले की ‘किती प्रश्न विचारशील? गप्प बस बघू!’ असा दम त्याच पोराला मिळतो. चौकसपणा हा गुण आहे हे आपणांस तत्त्वतः मान्य असते. मात्र तो आपल्या सवडीने असावा, आणि आपल्याला उत्तर येत असेल तेवढाच असावा, अशी आपली अपेक्षा असते.

प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार एका मर्यादित अंगाने करावयाचा आहे. चौकस मुलांविषयीची चित्रपुस्तके लहान वाचकांबरोबर कशी वाचावीत, हा तो विषय. तो बालवाडीच्या शिक्षिकांपुरता आहे असे कोणी समजू नये. आपल्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्यांपैकी अनेक जण पुढे शिक्षक होतील, बहुतेक जण आईबाप होतील, आणि धाकटी भावंडे, भाचरे, पुतणे तर आजच पुष्कळांच्या घरी आहेत. शिवाय साहित्याच्या विद्यार्थ्याला शब्द आणि चित्र यांचे नाते अभ्यासायचे असेल, तर याहून सोपे आणि याहून फसवे साधन दुसरे नाही.

सचित्र पुस्तक आणि चित्रपुस्तक

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. सचित्र पुस्तकातील चित्रे काढून टाकली तरी गोष्ट शिल्लक राहते. चित्रपुस्तकाचे तसे नाही. त्यातील चित्रे काढली तर गोष्ट लंगडी होते, आणि शब्द काढले तर बहुधा मुकी होते. दोघे मिळून ती पुढे नेतात.

मुलांसाठी चित्रे छापण्याची कल्पना जुनी आहे. कोमेनियस या शिक्षणतज्ज्ञाचे ‘ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस’ हे पुस्तक १६५८ साली न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. त्यात वस्तूचे चित्र आणि तिचे लॅटिन व जर्मन नाव अशी मांडणी होती. म्हणजे तेथे चित्राचे काम शब्दाचा अर्थ सांगण्याचे होते. आजच्या चांगल्या चित्रपुस्तकात चित्र शब्दाच्या हाताखाली काम करीत नाही. शब्दांनी जे सांगितलेले नसते ते चित्र सांगते, आणि दोहोंमध्ये जी जागा मोकळी राहते तेथे मुलाचा प्रश्न उगवतो.

मराठीत या दृष्टीने माधुरी पुरंदरे यांचे काम मोलाचे आहे. ‘राधाचं घर’ या त्यांच्या मालिकेत एका लहान मुलीच्या नजरेने घरातली माणसे दिसतात. ‘चित्रवाचन’मध्ये तर बोलण्याचे काम चित्रे मुलांवरच सोपवतात. बालसाहित्यातील कार्यासाठी त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. चित्र ‘पाहण्याची’ वस्तू असते, तशीच ती ‘वाचण्याची’ही असते, ही जाणीव मराठी पालकांत रुजवण्यास अशा पुस्तकांनी फार साहाय्य केले आहे.

आता प्रत्यक्ष दोन पुस्तके पाहू. एक अमेरिकेतील आहे, दुसरे आपल्या देशातील. दोन्हींचे नायक चौकस आहेत. परंतु त्यांच्या चौकसपणाची जात वेगळी आहे.

पीटर : हातापायांनी विचारलेले प्रश्न

एझ्रा जॅक कीट्स (१९१६–१९८३) हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वाढलेले चित्रकार. त्यांचे ‘द स्नोई डे’ हे पुस्तक १९६२ साली निघाले आणि १९६३ साली त्यास चित्रपुस्तकांसाठी दिले जाणारे कॅल्डेकॉट पदक मिळाले. रंगीत कागद, कापड इत्यादींचे तुकडे चिकटवून, म्हणजे कोलाज पद्धतीने, त्यांनी ही चित्रे केली.

कथा एवढीशीच आहे. पीटर नावाचा मुलगा सकाळी उठतो, तो बाहेर सर्वत्र बर्फ. लाल रंगाचा पोशाख घालून तो बाहेर पडतो. पावले बाहेर वळवून चालून पाहतो, मग आत वळवून चालून पाहतो. पाय ओढत नेले तर बर्फात दोन रेघा उमटतात. एवढ्यात तिसरी रेघ दिसू लागते! ती कशाची, हे पान उलटल्यावर कळते : पीटरच्या हाती एक काठी लागली आहे. त्या काठीने तो बर्फाने लादलेल्या झाडाला मारतो, आणि बर्फ त्याच्याच डोक्यावर पडतो. घरी जाताना तो उद्यासाठी म्हणून बर्फाचा एक गोळा खिशात ठेवतो. रात्री निजण्यापूर्वी खिसा चाचपतो, तर खिसा रिकामा. पीटर फार खिन्न होतो.

या पुस्तकात पीटर ‘का?’ हा शब्द उच्चारीत नाही. त्याचे प्रश्न पायांनी, काठीने आणि खिशाने विचारलेले आहेत. असे केले तर काय होईल? हीच विज्ञानाची पहिली पायरी होय. दुसरी गोष्ट अशी की, गोळा वितळला हे लेखक कोठेही सांगत नाही. खिशात गोळा नव्हता, एवढेच तो सांगतो. ही लेखकाची मोठी शहाणीव आहे, आणि नेमक्या याच जागी वाचून दाखवणारा मोठा माणूस घाई करतो. ‘बघ, उष्णतेने बर्फाचे पाणी झाले,’ असे आपण सांगून टाकतो. आणि पाच वर्षांच्या मुलाला जो शोध दोन क्षणांत स्वतः लागणार होता तो आपण हिरावून घेतो.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, तेव्हा हे पुस्तक आपल्या मुलांना कसे कळेल, अशी शंका येईल. पण गारा कोणी पाहिल्या नाहीत? वळवाच्या पावसात गारा पडू लागल्या की अंगणात धावून त्या ओंजळीत, फ्रॉकच्या ओच्यात, वाटीत गोळा करणारी पोरे महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्यात आहेत. वाटीतल्या गारांचे काय झाले, हे त्या पोरांना पीटरइतकेच ठाऊक आहे. परक्या देशाचे पुस्तक मुलाजवळ आणायचे ते असे, त्याच्या स्वतःच्या अनुभवाच्या वाटेने.

या पुस्तकास आणखी एक बाजू आहे. पीटर हा कृष्णवर्णीय मुलगा आहे. मजकुरात त्याच्या वर्णाचा उल्लेखही नाही. तो केवळ चित्रांत दिसतो. त्या काळी अमेरिकेत हे किती विरळ होते, ते नॅन्सी लॅरिक यांच्या १९६५ सालच्या लेखावरून कळते. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांतील ५,२०६ बालपुस्तके त्यांनी विचारात घेतली. त्यांपैकी जेमतेम ६.७ टक्के पुस्तकांत एखादे तरी कृष्णवर्णीय पात्र होते. म्हणजे कुतूहल, खेळ, गंमत ही जणू गोऱ्या मुलांचीच मिरास! कीट्स यांनी ती मोडली. पुढे, २०२० साली न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने आपल्या १२५ वर्षांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा वाचकांनी घरी नेलेले पुस्तक म्हणून याच पुस्तकाचे नाव जाहीर केले.

मोयना : जिभेने विचारलेले प्रश्न

दुसरे पुस्तक महाश्वेतादेवी (१९२६–२०१६) यांचे ‘द व्हाय-व्हाय गर्ल’. चित्रे कन्यिका किणी यांची. प्रकाशक चेन्नईची तूलिका ही संस्था. मोयना ही शबर जमातीची मुलगी. शबर गरीब आणि भूमिहीन. आई पायाने अधू, बाप कामाच्या शोधात जमशेदपूरला गेलेला, भाऊ रानात लाकडे गोळा करणारा. म्हणून मोयना बाबूंच्या शेळ्या वळते.

मोयनाची जीभ क्षणभर थांबत नाही. पाणी आणायला नदीपर्यंत एवढे लांब का जायचे? आपण पानांच्या झोपडीत का राहतो? दोन्ही वेळा भात का मिळत नाही? आकाशातले तारे लहान का दिसतात? बाबूंनी उरलेला भात दिला म्हणून त्यांचे आभार का मानायचे. मी त्यांचा गोठा झाडते, तेव्हा ते माझे आभार मानतात का? एकाच तोंडातून, एकाच सुरात हे सारे प्रश्न येतात. ताऱ्यांचा प्रश्न ‘शहाणा’ आणि भाताचा प्रश्न ‘उद्धट’ असा भेद मोयना करीत नाही. तो भेद आपण मोठी माणसे करतो.

पुढे ती शाळेच्या बाईंना विचारते की, शाळेची वेळ का बदलता येणार नाही? सकाळी शेळ्या वळायच्या असतात. अकरानंतरच येता येईल. तुम्ही शिकवले नाही तर आम्ही शिकणार कसे? अखेर मोयना शाळेत जाते. आणि मोठी झाल्यावर स्वतःच शिकवू लागते.

शबरांची ही कथा केवळ कल्पनेची भरारी नव्हे. पश्चिम बंगालमधील पुरुलिया भागात खेडिया शबरांमध्ये महाश्वेतादेवींनी अनेक वर्षे काम केले. ब्रिटिश राजवटीने ज्या जमातींवर जन्मजात ‘गुन्हेगार’ असा शिक्का मारला, त्यांत शबरही होते. १८७१ साली प्रथम आलेला गुन्हेगार जमातींचा तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र लोकांच्या मनातून गेला नाही. या विमुक्त जमातींच्या हक्कांसाठी १९९८ साली जो गट स्थापन झाला, त्यात महाश्वेतादेवी आणि गणेश देवी यांच्यासह आपले ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड होते. ज्या मुलांकडे गावाने संशयानेच पाहिले, त्या मुलांतील एकीच्या तोंडी ‘का?’ हा शब्द देणे, याचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

अभ्यासकांना काय आढळले?

मुलांचे प्रश्न हा संशोधनाचाही विषय झालेला आहे. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी लंडनमधील चार वर्षांच्या ३० मुलींचे घरातील आणि बालशाळेतील बोलणे ध्वनिमुद्रित केले. ‘यंग चिल्ड्रन लर्निंग’ हा त्यांचा ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. घरी आईबरोबर असताना या मुली तासाला सरासरी २६ प्रश्न विचारीत. त्याच मुली शाळेत शिक्षिकेला तासाला अवघे २ प्रश्न विचारीत. शाळा वाईट नव्हत्या, शिक्षिका प्रेमळ होत्या. पण तेथे प्रश्न विचारणे हे शिक्षिकेचे काम आणि उत्तर देणे हे मुलांचे काम, अशी वाटणी नकळत झालेली होती.

दुसरा अभ्यास ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा, १९८८ सालचा. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आयांचे त्यांनी दोन गट केले. दोन्ही गटांतील आया मुलांना चित्रपुस्तके वाचून दाखवीत होत्या. एका गटाला मात्र वाचनाची निराळी रीत शिकवली होती : चित्राविषयी मोकळे प्रश्न विचारावेत, मूल जे बोलेल ते थोडे वाढवून त्याला परत द्यावे, आणि हळूहळू गोष्ट सांगण्याचे काम मुलाकडे सोपवावे. महिन्याभरानंतर या गटातील मुले भाषिक अभिव्यक्तीच्या एका चाचणीत दुसऱ्या गटाच्या सुमारे साडेआठ महिने पुढे होती. हा प्रयोग थोड्या आणि सुस्थित कुटुंबांपुरता होता, हे विसरता कामा नये. परंतु पुढे १९९२ साली मेक्सिकोतील अल्प उत्पन्न गटातील मुलांवर केलेल्या प्रयोगातही या रीतीचा लाभ दिसून आला.

तिसरी गोष्ट मेरी बड रो यांनी निदर्शनास आणलेली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात, असे त्यांना आढळले. हे थांबणे तीन सेकंदांपर्यंत वाढवले, तर मुलांची उत्तरे लांबतात आणि मुले स्वतः अधिक प्रश्न विचारू लागतात. तीन सेकंद! घड्याळ समोर ठेवून पाहावे, म्हणजे हा काळ वर्गात किती मोठा वाटतो ते कळेल.

पुस्तक बरोबर वाचण्याची रीत

या साऱ्यातून काही व्यावहारिक सूचना निघतात.

१. पुस्तक आधी स्वतः दोन वेळा वाचावे. मुलांसमोर प्रथमच उघडलेल्या पुस्तकात आपले लक्ष अक्षरांवर असते; मुलांचे लक्ष मात्र चित्रांवर असते. चित्र पाहून होण्याआधी पान उलटले, की मूल गोष्टीतून बाहेर पडलेच.

२. वर्गात चाळीस मुले आणि पुस्तक एक, ही आपल्या शाळांची नेहमीची स्थिती. अशा वेळी पाच-सहा मुलांचे गट करावेत. पुस्तक आपल्या तोंडासमोर न धरता कुशीला, मुलांकडे उघडे धरावे. आज ज्यांची पाळी आली नाही त्यांची उद्या यावी.

३. पहिल्या वेळी गोष्ट सलग वाचावी. दुसऱ्या वेळी थांबत वाचावी. पीटरच्या तिसऱ्या रेघेपाशी थांबून ‘ही रेघ कशाची असेल?’ असे विचारावे, आणि मनात तीन आकडे मोजावेत. पान उलटण्याची घाई करू नये. तिसऱ्या वेळी पुस्तक मुलाच्या हाती द्यावे आणि आपण श्रोते व्हावे.

४. मूल ज्या बोलीत उत्तर देईल ती बोली सुधारू नये. मूल अहिराणीत, वऱ्हाडीत किंवा वारलीत बोलले, तर त्याच्या वाक्यात एखादी नवी गोष्ट घालून ते त्याला परत द्यावे. ‘असे नाही, असे म्हण’ हे शब्द उच्चारले, की प्रश्नांचा झरा तेथेच आटतो. शुद्धलेखनाचे तास निराळे असतात.

५. तात्पर्य सांगू नये. ‘यावरून आपण काय शिकलो?’ हा प्रश्न कथेच्या शेवटी विचारण्याची आपल्याकडे इतकी सवय आहे, की पुस्तक मिटताच मुले ते तयार करून ठेवतात. त्याऐवजी ‘तुला काय विचारावेसे वाटते?’ असे म्हणावे. प्रथम कोणी बोलणार नाही. मुलांनाही या प्रश्नाची सवय नसते.

६. मुलांचे प्रश्न फळ्यावर किंवा जाड कागदावर त्यांच्या नावांसह लिहून ठेवावेत. सर्वांची उत्तरे त्याच दिवशी देण्याची गरज नाही. आपला प्रश्न लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे, हे मुलाला कळणे पुरेसे आहे. एखादे उत्तर येत नसेल तर ‘मला माहीत नाही, आपण शोधू’ असे सरळ सांगावे आणि खरोखरच शोधावे.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शिस्तीचा. प्रत्येक गोष्टीला ‘का?’ विचारण्याची मोकळीक दिली तर मुले ऐकणार कशी? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चाळीस मुले सांभाळणाऱ्या शिक्षिकेलाच त्याचे ओझे ठाऊक असते. पण प्रश्न आणि गोंधळ या दोन भिन्न वस्तू आहेत. ज्या मुलाला आपल्या प्रश्नाची पाळी येणार याची खात्री असते, ते दुसऱ्याचा प्रश्न ऐकून घेते. खात्री नसते तेव्हा आरडाओरड होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. तारे लहान का दिसतात, याचे उत्तर शिक्षक देईल. पण मोयनाचे पुस्तक वाचल्यावर वर्गातील एखाद्या मुलीने ‘आमच्या वस्तीला नळ का नाही?’ असे विचारले तर? ऊसतोडीला गेलेल्या आईबापांचा मुलगा ‘शाळेची वेळ का बदलत नाही?’ असे म्हणाला तर? चौकस मुलांची पुस्तके वाटणे सोपे आहे. त्यांतून उठणारे प्रश्न अंगावर घेणे अवघड आहे. आणि हे प्रश्न टाळायचे असतील, तर मोयनाची गोष्ट वाचून दाखवणे हा ढोंगीपणा ठरेल.

येथे महाराष्ट्रातील एका उदाहरणाची आठवण होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभले. १९५७ साली ते आज पालघर जिल्ह्यात असलेल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, ती गुरे राखायला जातात, असे दिसून आले. त्यावर मुलांना दोष न देता या दोघींनी उलटा प्रश्न विचारला : मुले शाळेत येत नसतील तर शाळाच मुलांकडे का जाऊ नये? मग अंगणवाडी वस्तीतील अंगणात गेली आणि कुरणशाळा गुरे चरतात त्या कुरणात गेली. मोयनाने पुस्तकात जी मागणी केली, तिला आपल्याच प्रदेशात कितीतरी आधी असे कृतीने उत्तर मिळाले होते. ‘का?’ हा प्रश्न मुलाने विचारावा आणि मोठ्यांनी तो स्वतःलाही विचारावा, तेव्हा काय घडू शकते याचा हा पुरावा आहे.

समारोप

सारांश, चौकस मुलांची चित्रपुस्तके ही मुलांना चौकस बनवण्याची गुटी नव्हे. मुले चौकस असतातच. लंडनच्या त्या मुली घरी तासाला २६ प्रश्न विचारीतच होत्या. या पुस्तकांचा उपयोग दुहेरी आहे. मुलाला त्यातून दिसते की, आपल्यासारखे आणखी कोणी आहे आणि त्याच्यावर पुस्तक लिहिले गेले आहे. मोठ्यांना दिसते की, आपण किती सेकंद थांबतो आणि कोणत्या प्रश्नापाशी आपला चेहरा बदलतो.

आपल्यापैकी जे येत्या सुट्टीत गावी जातील, त्यांनी एखादे चित्रपुस्तक बरोबर न्यावे. विकत घेणे शक्य नसेल तर ग्रंथालयातून न्यावे. तेही नसेल तर जुन्या ‘किशोर’च्या अंकातील एखादे मोठे चित्र चालेल. घरातल्या किंवा शेजारच्या दोन-तीन मुलांना जवळ बसवावे, चित्र उघडावे, एक प्रश्न विचारावा आणि थांबावे. मुले जे विचारतील ते वहीत लिहून आणावे. शिक्षणशास्त्राच्या, मानसशास्त्राच्या आणि मराठीच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या वह्या एकत्र ठेवल्या, तर आपल्या भागातील मुले काय विचारतात, कोणत्या बोलीत विचारतात आणि कोणत्या वयापासून विचारण्याचे थांबतात, याची एक छोटी पण खरी नोंद याच महाविद्यालयात तयार होईल.